एक जून, सहा जानेवारी



बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहीत काही नव्हतो. पण परवा सालमियात चहाच्या टपरीवर चार आयटीवाले जमलो आणि नेहमीचा वाद निघाला. बाहेरून आलेली माहिती तपासायला वेगळी लायब्ररी कशाला, चार इफ-एल्स लिहिले की काम भागतं, असं तिघांचं म्हणणं. मी एकटा दुसऱ्या बाजूला. तिथे बोलून समाधान झालं नाही म्हणून इथे लिहितो. आयटीत नसलेल्यांनी लगेच पुढच्या पत्रावर उडी मारू नये, कारण हा विषय तुमच्या सिव्हिल आयडीचा, पगाराचा आणि जन्मतारखेचाही आहे. शेवटी तुमच्यासाठी दोन मिनिटांचं एक काम पण ठेवलंय.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे मी हे कुठल्या तोंडाने बोलतोय ते कळेल.

काही वर्षांपूर्वी मी इथल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या माहितीचं काम बघत होतो. साइटवरून एक्सेलच्या फाइली यायच्या. त्यात प्रत्येक माणसाचं नाव, जन्मतारीख, सिव्हिल आयडी, बँक खातं, बायकामुलांची माहिती. ती माहिती वाचायची, तपासायची आणि आमच्या डेटाबेसमध्ये टाकायची. तिथून ती पगाराकडे जायची आणि आरोग्य विम्याच्या यादीत जायची. तारखा कुणी दिवस-महिना-वर्ष लिहायचे, कुणी महिना-दिवस-वर्ष. मी हुशारी केली. आधी पहिला आकडा महिना समजून वाचायचा, नाही जमलं तर दिवस समजून वाचायचा. २५/०६ मध्ये पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती बरोबर २५ जून व्हायची. टेस्ट पास, साहेब खूश.

आता हिशेब करा. दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंत असलेल्या तारखा वर्षात १२ गुणिले १२, म्हणजे १४४. त्यातल्या १२ तारखांना (१/१, २/२ वगैरे) उलट केलं तरी फरक पडत नाही. उरल्या १३२. म्हणजे ३६५ पैकी १३२ तारखा माझा कोड बिनबोभाट उलट करत होता. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, काही नाही. सहा जानेवारी ही पण तारीखच आहे की!

आणि आपल्या महाराष्ट्रातल्या माणसांची गंमत तुम्हाला ठाऊक आहेच. एका पिढीतले अर्धे लोक १ जूनला जन्मलेले. शाळेत नाव घालताना आईवडिलांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होत, गुरुजी मुलाचा अंदाज घेऊन १ जून टाकून मोकळे. शाळेचा दाखला, त्यावरून पासपोर्ट, त्यावरून इथला इकामा आणि सिव्हिल आयडी. सगळीकडे १ जून.

आमच्याकडे सांगली जिल्ह्यातले एक फोरमन होते. पन्नाशी ओलांडलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. १ जून १९७१. माझ्या कोडने त्यांना ६ जानेवारी १९७१ करून टाकलं. एका रात्री त्यांच्या पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं. दवाखान्यात विम्याची मंजुरी मागितली तर विम्याच्या यादीतली जन्मतारीख आणि सिव्हिल आयडीवरची जन्मतारीख जुळेना. मंजुरी अडकली. रात्री अकरा वाजता डिपॉझिट मागितलं. त्यांच्या खोलीतल्या पोरांनी आपापल्या महिन्याच्या पाठवणीतून दिनार काढून ते भरले. ऑपरेशन नीट झालं, पैसेही नंतर परत मिळाले. पण त्या पोरांच्या घरी त्या महिन्याला पैसे उशिरा गेले ते गेलेच.

मी भेटायला गेलो तेव्हा काका रागावले नाहीत. म्हणाले, "सायेब, माझी जन्मतारीख दोनदा बदलली बघा. एकदा गुरुजींनी, एकदा तुमच्या कॉम्प्युटरनं. आई म्हणायची, तू नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा."

त्या वाक्यानंतर मी या विषयाकडे नीट बघायला लागलो.

मुद्दा १: चूक तारखेची नव्हती, जागेची होती

मंडळी, कुवेतच्या सिव्हिल आयडीत जन्मतारीख लिहिलेलीच असते. बारा अंकी नंबर. पहिला अंक शतकाचा, १९०० च्या शतकात जन्मलेल्यांना २ आणि २००० च्या शतकातल्यांना ३. पुढचे सहा अंक वर्ष, महिना, दिवस. मग चार अंकांचा क्रम आणि शेवटी एक तपासणीचा अंक. १ जून १९७१ असेल तर नंबर २७१०६०१ ने सुरू होणार. सहा जानेवारीवाल्याचा २७१०१०६ ने. म्हणजे काकांची खरी (निदान कागदोपत्री खरी) तारीख त्याच ओळीत, दोन रकाने सोडून, माझ्या डोळ्यांसमोर होती. माझ्या कोडने ती ताडून का पाहिली नाही?

कारण तारखेचे इफ एका फाइलमध्ये होते, सिव्हिल आयडीचे दुसऱ्या फाइलमध्ये आणि विम्याची यादी बनवणारा कोड तिसऱ्याच माणसाने लिहिलेला. सिव्हिल आयडीची तपासणी काय होती? "बारा अंक आहेत का?" बस. बारा अंक तर आपल्या आधारलाही असतात! कुणी चुकून आधार नंबर टाकला असता तरी माझ्या कोडने सलाम ठोकून आत घेतला असता. खरं तर दोन्ही नंबर स्वतःची तपासणी स्वतःबरोबर घेऊन फिरतात. आधारचा शेवटचा अंक डच गणिती व्हर्होफ यांच्या १९६९ च्या पद्धतीने काढलेला असतो. सिव्हिल आयडीसाठी प्रोग्रामर मंडळींत वापरात असलेलं सूत्र सोपं आहे. पहिल्या अकरा अंकांना अनुक्रमे २, १, ६, ३, ७, ९, १०, ५, ८, ४, २ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा. आला तो बारावा अंक. पाच ओळींचं काम. पण ते कुणी कुठे लिहायचं हेच ठरलेलं नव्हतं.

इथे घोषणात्मक पद्धतीचा विषय येतो. शब्द जड आहे, अर्थ हलका. तपासणी कशी करायची ते पायरी पायरीने सांगण्याऐवजी माहिती कशी असावी ते एका ठिकाणी जाहीर करायचं. तपासायचं काम लायब्ररीचं. पायथनमध्ये पायडँटिक किंवा मार्शमेलो, टाइपस्क्रिप्टमध्ये झॉड, भाषा कुठलीही असली तरी चालणारी जेसन स्कीमा. नावं वेगळी, विचार एकच. आमची स्कीमा मराठीत लिहिली तर अशी दिसेल:

कर्मचारी
– नाव: मजकूर, पासपोर्टवर आहे तसा
– सिव्हिल आयडी: मजकूर, १२ अंक, पहिला २ किंवा ३, शेवटचा सूत्राने जुळावा
– जन्मतारीख: वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, दुसरा क्रम नाकारावा
– पगार: दशांश संख्या, शून्यापेक्षा जास्त, दशांशानंतर जास्तीत जास्त ३ स्थळं
– आयबॅन: ३० अक्षरं, देशाचा संकेत कुवेतचा, तपासणीचे अंक जुळावेत
– कुटुंबीय: यादी, रिकामी चालेल. यादीतल्या प्रत्येकाचं नाव, नातं, जन्मतारीख, सिव्हिल आयडी (नियम वरचेच)
– एकत्रित नियम: जन्मतारीख आणि सिव्हिल आयडीचे पहिले सात अंक जुळावेत. कर्मचाऱ्यालाही लागू, प्रत्येक कुटुंबीयालाही लागू.

एवढंच. हे वाचायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. माझा मुख्य मुद्दा हाच आहे, पण त्याकडे येतो.

मुद्दा २: पोटात पोट

साध्या सपाट यादीला इफ पुरतात, हे मी मान्य करतो. पण माणसाची माहिती सपाट नसते. आपला गावचा पत्ताच घ्या ना. मु. पो., ता., जि. गाव तालुक्याच्या पोटात, तालुका जिल्ह्याच्या पोटात. पिन कोडही तसाच. पहिला अंक विभागाचा, पहिले दोन उपविभागाचे, पहिले तीन टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, टपाल खात्यातले अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. इथे कुवेतमध्ये गव्हर्नरेट, त्यात एरिया, त्यात ब्लॉक, त्यात स्ट्रीट, मग बिल्डिंग, मजला, फ्लॅट. ब्लॉक ४ म्हणजे कुठला ब्लॉक ४? सालमियातला की मंगफमधला? वरचा थर माहीत असल्याशिवाय खालच्याला अर्थ नाही.

कर्मचाऱ्याच्या पोटात कुटुंबीय, कुटुंबीयाच्या पोटात कागदपत्रं, कागदपत्राच्या पोटात मुदत संपण्याची तारीख. इफ-एल्सने हे तपासायचं म्हणजे लूपमध्ये लूप आणि त्यात आणखी एक लूप. तिसऱ्या थरात काही बिघडलं की संदेश काय? "तारीख चुकीची आहे." अहो, कुणाची? चारशे माणसांच्या फाइलमध्ये एचआरमधली ताई शोधणार कुठे? एक चूक दुरुस्त करून फाइल परत पाठवली की पुढची एक निघते. दिवसभर हाच खेळ.

चांगली लायब्ररी दोन गोष्टी फुकट देते. एक, पत्त्यासकट चूक सांगते: "कर्मचारी ११७, कुटुंबीय २, जन्मतारीख: सिव्हिल आयडीशी जुळत नाही." दोन, पहिल्या चुकीला थांबत नाही, प्रत्येक रकान्यातल्या सगळ्या चुका एका दमात हातात ठेवते. क्रमही ठरलेला. आधी पान, मग फांदी, मग झाड. पायडँटिकमध्ये एकत्रित नियम आतले सगळे रकाने स्वतंत्रपणे बरोबर ठरल्यावरच चालवायची सोय आहे. तारीखच वाचता आली नाही तर ती आयडीशी काय जुळवणार?

आम्ही स्कीमा लिहून जुनी यादी त्यातून काढली तेव्हा पहिल्याच दिवशी अडीच पानं चुका निघाल्या. त्यात काकांसारखे बरेच होते. कुणी आजारी पडलं नव्हतं म्हणून कळलं नव्हतं इतकंच.

मुद्दा ३: बदल करा, पण अंदाज करू नका

तपासणीबरोबर दुसरं काम असतं रूपांतराचं. बाहेरून मजकूर येतो, आत तारीख हवी, रक्कम हवी. इथे दोन प्रकार असतात आणि आपण ते एकत्र करतो. मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढणं, अरबी कीबोर्डवरून आलेले अंक आपल्या नेहमीच्या अंकांत आणणं, हे निरुपद्रवी. एकच अर्थ निघतो, तो नीट मांडला. पण ०१/०६ ची तारीख ठरवणं हे रूपांतर नाही, तो जुगार आहे. पायथनमधली डेटयुटिल ही लोकप्रिय लायब्ररीसुद्धा स्पष्ट सांगितलं नाही तर पहिला आकडा महिना धरते आणि महिना होत नसेल तर दिवस धरते. म्हणजे माझी हुशारी तिच्यातही आहेच. दोष तिचा नाही, दिवस आधी की महिना आधी ते सांगायची सोय तिच्यात आहे. सांगायची जबाबदारी आपली.

दिनाराचं उदाहरण घ्या. एक दिनार म्हणजे १००० फिल्स, दशांशानंतर तीन स्थळं. कुवेत, बहरीन, ओमान, जॉर्डन सगळे असेच. पण बाहेरचं बरंच सॉफ्टवेअर डॉलर-रुपया डोक्यात ठेवून दोन स्थळांचं बनतं. १८७.३७५ चे १८७.३८ झाले तर पाच फिल्सचा फरक, कुणी विचारत नाही. पण फिल्समध्ये आलेल्या रकमेला १००० ऐवजी १०० ने भागलं तर पगार दसपट! तो मात्र सगळे विचारतात :-) "तीन स्थळं" हे स्कीमात एकदा लिहिलं की दर वेळी आठवावं लागत नाही.

एक्सेलची आणखी एक खोड इथल्या एचआरवाल्यांना पाठ आहे. बारा अंकी सिव्हिल आयडी साध्या रकान्यात टाकला की तो २.७१ई+११ असा काहीतरी दिसतो, आणि तशीच सीएसव्ही जतन केली की शेवटचे अंक कायमचे गेले. म्हणून वर मी आयडी "मजकूर" लिहिला आहे, संख्या नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ती संख्या नव्हेच.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, १९८० च्या सुमारास, जॉन पोस्टेल यांनी एक तत्त्व घालून दिलं होतं. देताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. मशीनने मशीनशी बोलायला ते तेव्हा उपयोगी पडलं. पण माणसाच्या कागदपत्रांच्या बाबतीत घेताना उदार म्हणजे नंतर माणसाला त्रास, असं माझं अनुभवाचं मत आहे. दारात थांबवलेली फाइल दोन तासांत दुरुस्त होऊन येते. आत शिरलेली चूक रात्री अकरा वाजता दवाखान्यात भेटते. ॲलेक्सिस किंग यांनी २०१९ मध्ये "पार्स, डोन्ट व्हॅलिडेट" या लेखात याचीच तांत्रिक बाजू मांडली आहे. नुसतं "बरोबर आहे" असं म्हणून पुन्हा तोच कच्चा मजकूर आत पाठवू नका. दारातच त्याची पक्की तारीख, पक्की रक्कम करून घ्या, म्हणजे आतल्या कुणाला परत शंका घ्यायला नको. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या या विषयावरच्या लिखाणात हे सगळ्यात कामाचं.

मुद्दा ४: नियम वाचता आला पाहिजे, आणि त्याच्याशी भांडता आलं पाहिजे

आता मुख्य मुद्दा. टपरीवरचे मित्र म्हणाले, इफनेही हे सगळं करता येतं. येतं, कबूल. पण इफ फक्त मी वाचतो. स्कीमा मी छापून काढली आणि एचआरमधल्या केरळच्या ताईला आणि आमच्या इजिप्शियन मंदूबला दिली. मंदूबने चहा संपेपर्यंत चूक काढली. म्हणाला, सिव्हिल आयडी सक्तीचा लिहिलायस, पण नवा माणूस विमानतळावर उतरतो तेव्हा त्याच्याकडे तो असतो कुठे? मेडिकल, बोटांचे ठसे, इकामा, मग आयडी. तोवर काय?

ताई हसली. तोवर ती काय करत होती माहितीये? बारा वेळा १ दाबत होती. आमच्या जुन्या कोडचं समाधान व्हायचं. पुढे आयडी आला की बदलायचं, आणि बदलायचं राहून गेलं तर राहून गेलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुजींनी दुसरं काय केलं होतं? शाळेच्या रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना सक्तीचा होता. "माहीत नाही" लिहायला जागा नव्हती. म्हणून १ जून. ते रजिस्टर पण एक व्हॅलिडेटरच होतं, आणि त्याने एका अख्ख्या पिढीला खोटी तारीख दिली. भारतातल्या काही वेबसाइटींवर कुवेतचा पत्ता भरताना सहा अंकी पिन कोड सक्तीचा असतो. आपण सगळे काय करतो? सहा शून्यं. नियम जास्त कडक केला की माहिती सुधारत नाही, माणसं खोटं लिहायला शिकतात.

म्हणून आमच्या स्कीमात बदल झाला. सिव्हिल आयडी: एकतर पक्का नंबर, नाहीतर "अर्ज केला आहे" आणि अर्जाची तारीख. दोन्हींपैकी एक हवंच, तिसरं चालणार नाही. जन्मतारखेला मात्र कागदावरची तारीखच लागते, तिथे पळवाट नाही. कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं हे मला एकट्याला ठरवता आलं नसतं. मंदूबला नियम वाचता आला म्हणून ते ठरलं. इफच्या जंगलात त्याला कोण नेणार होतं?

नावांचंही तेच. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आमचा जुना कोड मोकळ्या जागेवर नाव तोडून शेवटचा तुकडा आडनाव धरायचा. दक्षिणेकडच्या कित्येक मित्रांना आडनावच नसतं, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या युएईने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने प्रवेश बंद केला तेव्हा किती धावपळ झाली ते आठवत असेल. आणि महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आला. मला तो निर्णय आवडला. पण "तीन तुकडे, मधला वडिलांचा" असं कोडात कुठेतरी खोल लिहून ठेवलेल्या प्रत्येक प्रोग्रामसाठी तो एक खड्डा आहे. एका जागी लिहिलेला नियम एका जागी बदलतो. आमचा नियम आता साधा आहे. नाव पासपोर्टवर आहे तसं अखंड ठेवा, तोडायची गरज असेल तर ज्याचं नाव आहे त्यालाच विचारा.

आक्षेप

एकतर्फी लिहिलं असं कुणी म्हणू नये म्हणून विरोधी बाजूही मांडतो.

पहिला, घोषणात्मक म्हणजे आपोआप वाचनीय असं नाही. १९९९ च्या एक्सएसएलटीमध्ये किंवा २००१ च्या एक्सएमएल स्कीमात ज्यांनी काम केलंय ते हात जोडतील. बँकांच्या इंटरफेससाठी मीही ते केलंय. नियम फार गुंतागुंतीचा झाला की त्याला स्कीमाच्या चौकटीत कोंबू नये, साधं फंक्शन लिहावं आणि स्कीमातून त्याला नावाने बोलवावं. तपासणी अंकाचं सूत्र आम्ही तसंच ठेवलं आहे.

दुसरा, वेग. पूर्वी यात तथ्य होतं. पायडँटिकने २०२३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत आतला गाभा रस्ट भाषेत नव्याने लिहिल्यापासून आमच्यासारख्या कामात तरी हा मुद्दा राहिलेला नाही.

तिसरा, लायब्ररीचा स्वतःचा उदारपणा. पायडँटिक सांगितलं नाही तर "१२" या मजकुराची संख्या गुपचूप करून घेते. कडक मोड वेगळा मागावा लागतो. म्हणजे लायब्ररी आणली की डोकं बाजूला ठेवलं असं नाही.

चौथा, हल्लीचा. आता एआय कोड लिहून देतं, मग काळजी कशाला? मला उलट वाटतं. शंभर इफ सेकंदात लिहून मिळायला लागल्यावर ते वाचणार कोण? एआयलासुद्धा काहीतरी सांगावंच लागतं, आणि सांगायचं ते हेच, माहिती कशी असावी. ते छापून मंदूबच्या हातात द्यायचं काम अजून आपलंच आहे.

आणि एक मर्यादा जी कुठलीही लायब्ररी ओलांडणार नाही. काकांची १ जून ही तारीख माझ्या नव्या स्कीमातून सगळ्या परीक्षा पास होते. क्रम बरोबर, आयडीशी जुळते, तपासणीचा अंक जुळतो. तरी ती खरी नाही. वैध आणि खरं यांत फरक आहे, आणि तो फक्त त्यांच्या आईला माहीत होता. आपण फार तर एवढंच करू शकतो की कागदावर जे आहे ते तरी आपल्या हातून बिघडू नये.

आता कबूल केलेलं दोन मिनिटांचं काम. आपापला सिव्हिल आयडी काढा. दुसऱ्या अंकापासून सातव्यापर्यंत बोट ठेवा. वर्ष, महिना, दिवस. मग विम्याचं कार्ड, कंपनीच्या एचआरच्या नोंदी आणि मुलांच्या शाळेतल्या नोंदी त्याच्याशी ताडून बघा. बायकामुलांचेही बघा. तुमचा जन्मदिवस महिन्याच्या बारा तारखेच्या आत असेल तर जरा जास्तच लक्ष देऊन बघा. फरक निघाला तर आजच मेल टाका, आजारी पडायची वाट बघू नका.

आणि आयटीवाल्यांनो, तुमच्या प्रोजेक्टमध्ये असा एखादा "सक्तीचा" रकाना असेल जिथे लोक बारा वेळा १ दाबतात, तर तो कोणता ते कळवा. मला खात्री आहे प्रत्येकाकडे एक तरी निघेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक सालमियाकर